वेली गुलाबाचे दोन रोग: पावसातले काळे ठिपके आणि थंडीतली भुरी

वाचकाचे पत्र: साताऱ्यात आमच्या घराच्या फाटकावर लोखंडी कमान आहे. तिच्यावर चार वर्षांपूर्वी पिवळ्या फुलांचा वेली गुलाब चढवला. दर वर्षी आषाढ सरता सरता खालच्या पानांवर काळे ठिपके पडतात, पाने पिवळी होऊन गळतात आणि गणपतीपर्यंत झाड कमरेइतके उघडे पडते. रोपवाटिकेतून आणलेले ८० टक्के गंधक दर आठवड्याला फवारले, उपयोग झाला नाही. शेजारच्या काकू दूध फवारायला सांगतात. पावसाने उघडीप दिली की मी रोज संध्याकाळी पाइपने सगळे झाड धुऊन काढते आणि महिन्याला मूठभर युरिया घालते. थंडीत कोवळ्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर येतो. यंदा बुंध्याशी एक जोमदार फूट आली आहे. तिच्यावर ठिपका नाही आणि काटाही नाही. तिच्यावर भरवसा ठेवावा, की सगळे झाड उपटून टाकावे? सासूबाई याच पाकळ्यांचा गुलकंद करतात, म्हणून विषारी औषधांची धास्ती वाटते.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

झाड उपटण्याची वेळ अजून आलेली नाही, आणि बुंध्याशी आलेल्या त्या सुंदर फुटीवर भरवसाही ठेवू नये. फुटीविषयी शेवटी लिहितो, कारण तिची तपासणी आपल्यालाच करावी लागेल. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, ती ही की आपल्या पत्रात एका रोगाचे नव्हे, तर दोन रोगांचे वर्णन आहे. दोन्ही बुरशीजन्य असले तरी त्यांना लागणारे हवामान जवळजवळ परस्परविरुद्ध आहे. आपण फवारलेले गंधक आणि काकूंनी सुचवलेले दूध ही दोन्ही मुख्यतः थंडीतल्या रोगावरची औषधे आहेत. ती श्रावणात वापरल्यामुळे कष्ट झाले आणि गुण मात्र आला नाही.

पावसाळ्यात येतो तो काळ्या ठिपक्यांचा रोग. त्याच्या बुरशीला डिप्लोकार्पॉन रोझी असे शास्त्रीय नाव आहे. ओळख पटवण्यासाठी एक रोगट पान उन्हात धरून नीट पाहावे. ठिपका पानाच्या वरच्या बाजूस असेल, जवळजवळ गोल असेल आणि त्याची कड रेखीव नसून शाई टीपकागदावर पसरावी तशी झालरीसारखी फुटलेली असेल. भोवतीचा भाग पिवळा पडत जाईल. जांभळट, वेडेवाकडे, शिरांच्या मध्ये अडकलेले डाग असतील किंवा पानाच्या मागे नारिंगी पूड असेल, तर रोग वेगळा (पहिला केवडा, दुसरा तांबेरा) आणि मग पुढचा सल्ला जसाच्या तसा लागू होणार नाही. आपल्या वर्णनावरून, विशेषतः रोग खालून वर चढतो आणि पाने पिवळी होऊन गळतात यावरून, मला मात्र काळ्या ठिपक्यांबद्दल फारशी शंका वाटत नाही.

रोग खालून वर का चढतो, याचे उत्तर पाण्यात आहे. या बुरशीचे बीजाणू (तिचा प्रसार करणारे बियांसारखे सूक्ष्म कण) वाऱ्यावर दूर जात नाहीत. ते पावसाच्या किंवा पाइपच्या थेंबांबरोबर उडतात. जमिनीवर पडलेल्या जुन्या रोगट पानावर थेंब आपटला की त्याचे तुषार पहिल्यांदा बुंध्याजवळच्या पानांवर पडतात, तिथे ठिपके आले की त्यांवरून वरच्या पानांवर, आणि असे करत रोग पायरी-पायरीने चढतो. पानावर पडलेल्या बीजाणूला रुजण्यासाठी पान सलग सुमारे सात तास ओले राहावे लागते. साधारण १८ ते २४ अंश तापमान त्याला सर्वांत मानवते, आणि आपल्याकडचे पावसाळी दिवस या पट्ट्याच्या आसपासच असतात. त्यानंतर ठिपका दिसायला तीन-चार दिवसांपासून दोन आठवडे लागू शकतात. याचाच अर्थ असा की आज दिसणारा ठिपका हा मागच्या आठवड्यातल्या ओल्या पानाचा परिणाम असतो, आणि तो दिसल्यावर त्याच पानावर काहीही फवारले तरी डाग पुसला जात नाही. फवारणीचा उपयोग शेजारच्या निरोगी पानांना आणि पुढे येणाऱ्या पालवीला होतो. पुष्कळ मंडळी डाग गेले नाहीत म्हणून औषध बदलत राहतात. त्यात चूक औषधाची नसते.

आता आपल्या संध्याकाळच्या स्नानाविषयी. पाऊस आपल्या हातात नाही, पण पावसाने उघडीप दिलेल्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता धुतलेले पान दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत, म्हणजे बारा-चौदा तास, ओले राहते. निसर्गाने दिलेला कोरडा दिवस आपण स्वतःच ओला करत होता. धूळ आणि लाल कोळी ही बारीक कीड धुऊन काढण्यासाठी पानांवर पाणी मारणे उन्हाळ्यात चांगलेच, परंतु ते सकाळी. एरवी पाणी आळ्यात, बुंध्याशी, पानांना न लावता द्यावे. मला एवढी एकच सूचना करण्याची मुभा असती, तर मी हीच केली असती.

कमानीचाही या रोगात मोठा वाटा आहे. वेली गुलाबाच्या लांब फांद्या सरळ वर नेऊन माथ्यावर बांधल्या, तर सगळी पालवी माथ्यावर एकाच झुडपात गोळा होते, आत वारा खेळत नाही आणि पाऊस थांबल्यावरही तो गुंता तासन्‌तास ओला राहतो. खाली राहतात नुसत्या काटेरी काठ्या. याउलट फांदी खांबाभोवती सर्पिल गुंडाळत वर नेली किंवा शक्य तेवढी आडवी वाकवून बांधली, तर तिच्या प्रत्येक डोळ्यातून (पानाच्या बगलेतल्या कोंबातून) आडफूट, म्हणजे बाजूची फांदी, निघते, पालवी आणि फुले खालपासून वरपर्यंत विखुरतात आणि प्रत्येक पानाला वारा लागतो. वेली गुलाबाला द्राक्षवेलीसारखे धागे नसतात, तो स्वतः धरून चढत नाही, त्यामुळे त्याला कुठून कसे न्यायचे हे सर्वस्वी आपल्या बांधणीवर अवलंबून असते. बांधायला काथ्या किंवा सुती पट्टी घ्यावी, तार घेऊ नये. भिंतीवर चढवणाऱ्या वाचकांनी जाळी भिंतीपासून वीतभर पुढे लावावी, म्हणजे मागूनही हवा फिरते.

पिवळ्या रंगाचे दुखणे जुने आहे. फ्रान्समधील झोझेफ पेर्ने-द्युशे यांनी १९०० मध्ये 'सोलेय द'ऑर' हा गुलाब आणला. त्याच्या मागे 'पर्शियन यलो' हा गर्द पिवळा इराणी गुलाब होता. आजच्या बागांमधला गर्द पिवळा आणि नारिंगी रंग बहुतांशी याच घराण्यातून आला, आणि त्या रंगाबरोबर काळ्या ठिपक्यांना चटकन बळी पडण्याचा स्वभावही आला. म्हणून पिवळा गुलाब लावणाऱ्याने शेजारच्या गुलाबी वेलाशी त्याची तुलना करून खंत करू नये. आपल्या झाडावर पावसाळ्यात एकही ठिपका येणार नाही असे आश्वासन मी देऊ शकत नाही. गणपतीत झाडावर निम्म्याहून अधिक पाने टिकली, तर उपाय यशस्वी झाला असे मी समजेन.

थंडीतला पांढरा थर म्हणजे भुरी. द्राक्षबागायतदारांना हा शब्द सांगायला नको, मात्र द्राक्षावरची आणि गुलाबावरची बुरशी वेगवेगळी आहे. गुलाबावरची पोडोस्फेरा पॅनोसा. हिचे बीजाणू वाऱ्यावर पसरतात आणि त्यांना रुजायला पानावर पाणी लागतच नाही, उलट पानावर पाणी साचलेले असेल तर त्यांना अडथळाच होतो. दिवसा कोरडी ऊबदार हवा आणि रात्री गारवा व दमटपणा, असे आपल्याकडचे नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे हवामान तिला मानवते. ती जुन्या पानांना सोडून कोवळ्या पालवीवर, कळीच्या देठावर आणि फुलाच्या गळ्यावर येते, पाने वळतात आणि कळ्या नीट उमलत नाहीत. इथे आपला युरिया आडवा येतो. युरियातल्या भरपूर नत्राने फुटलेली लुसलुशीत पालवी म्हणजे भुरीला आवतण. महिन्याचा युरिया पूर्ण बंद करावा. छाटणीनंतर दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड एवढे या वयाच्या झाडाला पुरे आहे.

रोग वेगळा तर औषध वेगळे, ही गोष्ट नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारांच्या अंगवळणी पडलेली असते: भुरीला गंधक, केवड्याला बोर्डो मिश्रण. हे बोर्डो मिश्रणसुद्धा द्राक्षाच्या केवड्यावरच सापडले. फ्रान्सच्या बोर्दो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षांची चोरी होऊ नये म्हणून मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुना शिंपडत असत, त्या वेलींवर केवडा कमी येतो हे मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले आणि १८८५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. घरच्या बागेत मात्र आपण 'बुरशीचे औषध' म्हणून एकच पुडी आणतो आणि बारा महिने तीच फवारतो.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. सध्या सप्टेंबर संपत आला आहे. पहिल्यांदा झाडाखाली पडलेले प्रत्येक पान गोळा करावे आणि ठिपके असलेली, हाताच्या स्पर्शाने सुटणारी पानेही काढून घ्यावीत. ती घरच्या खताच्या टोपलीत टाकू नयेत, कारण तिथली उष्णता बुरशी मारण्याइतकी वाढत नाही. पिशवीत बांधून कचरागाडीत द्यावीत किंवा बागेच्या दुसऱ्या टोकाला फूटभर खोल पुरावीत. मात्र एखाद-दुसरा ठिपका असलेले पण अजून हिरवे पान ओरबाडून काढू नये. झाड आधीच उघडे पडले आहे, पुढे ऑक्टोबरचा उन्हाळा आहे, आणि सगळी पाने एकदम गेली तर फांद्या भाजतात. तिथून शेंडे वाळत खाली येण्याची मर सुरू होते, जी काळ्या ठिपक्यांपेक्षा अधिक घातक असते. साफसफाई झाल्यावर आळ्यात दोन-तीन बोटे जाड कोरड्या पाल्याचे किंवा नारळाच्या काथ्याचे आच्छादन घालावे. त्याचा मुख्य उपयोग हा की थेंब मातीवर आपटून रोगट तुषार वर उडत नाहीत. आच्छादन बुंध्याला टेकू देऊ नये, आणि पाल्यात गुलाबाचे एकही पान नसावे.

पाऊस पुरता थांबला की, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर, छाटणी करावी. झुडपी गुलाबासारखी वेली गुलाबाची गुडघ्यापर्यंत छाटणी करू नये, वाट चुकलेले माळी ती हौसेने करतात आणि मग वर्षभर फुले येत नाहीत. मुख्य लांब फांद्या तशाच ठेवाव्यात. त्यांच्यावरच्या आडफुटी दोन-तीन डोळे राखून कापाव्यात. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि सालीवर जांभळट-काळे उंचवटे असलेल्या फांद्या मुळापासून काढाव्यात, कारण पाने गळाल्यावर बुरशी त्या उंचवट्यांत टिकून राहते. खूप दाटी असेल तर सर्वांत जुनी एक फांदी बुंध्यापासून काढून तिच्या जागी नवी फांदी वळवावी. आपला गुलाब वर्षातून एकदाच बहरणारा असेल, तर मात्र आडफुटींची छाटणी बहर संपल्यावर करावी, नाहीतर फुलांचेच डोळे कापले जातील. सिकेटर (छाटणीची कात्री) प्रत्येक रोगट फांदीनंतर स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा. जाड कापांवर बोर्डो पेस्ट लावावी: १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करावे आणि त्याच दिवशी वापरावे. पेस्टमध्ये क्षणभर बुडवलेल्या लोखंडी सुरीवर तांबूस थर चढला, तर थोडा चुना आणखी घालावा. याच पद्धतीने लिटरला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम चुना घेऊन केलेले पातळ मिश्रण छाटलेल्या उघड्या फांद्यांवर एकदा फवारता येते. कोवळ्या पालवीवर ते फवारू नये, गार ओलसर हवेत मोरचुदातल्या तांब्याने गुलाबाची पाने करपतात. फाटकाला नवा रंग दिला असेल तर आधी झाकावे. हे निळसर डाग सहजी जात नाहीत.

पुढच्या पावसाळ्याची फवारणी पुढच्या पावसाळ्यात सुरू केली तर उशीर झालेला असतो. मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या वळवानंतर पालवी तरतरीत असताना, मँकोझेब ७५ टक्के भुकटी लिटरला दोन ते अडीच ग्रॅम या प्रमाणात पानांच्या दोन्ही बाजूंवर फवारावी. हे स्पर्शजन्य औषध आहे, म्हणजे ते पानाच्या पृष्ठभागावर राहून बीजाणूला रुजू देत नाही. पावसाने ते धुपते आणि नंतर आलेल्या पानावर ते मुळात नसतेच, म्हणून उघडीप पाहून दहा-बारा दिवसांनी पुन्हा फवारावे लागते. औषध वाळायला तीन-चार तास तरी मिळावेत. चिकटद्रव्य थोडे मिसळल्यास टिकाऊपणा वाढतो. त्यातूनही जुलैत ठिपके पसरू लागले, तर हेक्झाकोनॅझोल ५ टक्के हे आंतरप्रवाही (पानात शिरून आतून काम करणारे) औषध लिटरला एक मिलिलिटर या प्रमाणात एकदा, फार तर पंधरवड्याने दुसऱ्यांदा वापरावे. आंतरप्रवाही औषध सतत वापरले की बुरशी त्याला दाद देईनाशी होते. म्हणून त्यावर पूर्ण मोसम काढू नये.

आपल्याकडे उरलेले गंधक टाकून देऊ नका. भुरीचा पहिला पांढरा ठिपका दिसताच ते लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात सकाळी फवारावे, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. तापमान बत्तीस अंशांच्या वर असेल किंवा मागच्या दोन आठवड्यांत कडुनिंबाचे वा अन्य तेल फवारले असेल, तर गंधकाने पाने भाजतात, एवढे लक्षात ठेवावे. काकूंचा सल्लाही थंडीत खरा ठरतो. ब्राझीलमध्ये वाग्नर बेत्तिओल यांनी झुकिनी या भोपळावर्गीय भाजीच्या भुरीवर पातळ दुधाचा प्रयोग केला आणि १९९९ मध्ये त्याचे चांगले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेव्हापासून जगभरच्या बागांत एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी हे प्रमाण रूढ झाले आहे. आठवड्यातून एकदा, ऊन असताना फवारावे. काळ्या ठिपक्यांवर त्याची भिस्त ठेवू नये. खाण्याच्या सोड्याविषयी वाचक नेहमी विचारतात: लिटरला पाच ग्रॅमपर्यंत आणि साबणाचे काही थेंब, एवढ्याने सौम्य भुरी आटोक्यात येते, पण वारंवार वापरल्यास मातीत सोडियम साचतो आणि पानांच्या कडा जळतात, म्हणून मला दूध अधिक पसंत आहे.

गुलकंदाविषयी आपली धास्ती योग्यच आहे आणि इथे मी तडजोड सुचवणार नाही. शोभेच्या गुलाबासाठीची रासायनिक औषधे फवारलेल्या झाडाच्या पाकळ्या खाण्यात घेऊ नयेत. अमुक दिवस थांबले की चालते असा हिशोब घरच्या घरी करू नये. शिवाय गुलकंदाला शोभतो तो सुगंधी गुलाबी देशी गुलाब, आपल्या पिवळ्या फुलांत तो अर्क नाही, असे सासूबाईंना माझ्या वतीने आदरपूर्वक सांगावे. त्यांच्यासाठी देशी गुलाबाची एक वेगळी कुंडी, कमानीपासून दूर, सकाळच्या उन्हात ठेवावी आणि तिला दूध-पाण्याखेरीज काही लावू नये. औषध घेताना पाकिटावरच्या चौकोनातील खालच्या त्रिकोणाचा रंग पाहावा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. घरच्या बागेसाठी लाल व पिवळा त्रिकोण असलेले काही आणूच नये. फवारताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत, वारा पाठीशी असावा, आणि फुलांवर मधमाश्या येण्यापूर्वी काम उरकावे.

आता ती फूट. बाजारातले बहुतेक गुलाब डोळा भरून केलेली कलमे असतात. खाली जंगली जातीचा काटक खुंट आणि वर आपल्या आवडीची जात. आपल्याकडे खुंटासाठी बिनकाट्यांचा मल्टिफ्लोरा पुष्कळ वापरतात. बुंध्याशी आलेली, बाकीच्या झाडाला काटे असताना बिनकाट्यांची, वेगळ्या रंगाच्या लहान पानांची आणि कमालीची निरोगी अशी फूट ही बहुधा खुंटाची फूट असते. तिच्यावर ठिपके नाहीत, कारण ती आपली पिवळी जातच नव्हे. ती वाढू दिली तर मुळांतले सारे बळ ओढून घेईल आणि दोन वर्षांत कमानीवर पिवळ्याऐवजी लहान पांढऱ्या फुलांचे घोस दिसतील. आपला वेल दर वर्षी अशक्त होतो आहे, त्याला रोगाबरोबर हेही एक कारण असू शकते.

अर्थात पत्रावरून निदान करून मी सिकेटर चालवायला सांगणार नाही. बुंध्याजवळची माती हलक्या हाताने बाजूला करून डोळा भरल्याची गाठ शोधावी. ती सुजल्यासारखी, वाकडी दिसते. फूट गाठीच्या वरून निघाली असेल, तर ती आपल्याच जातीची नवी फांदी आहे, तिला जपावे आणि मी वर सांगितले तशी खांबाभोवती वळवावी. गाठीच्या खालून निघाली असेल, तर जमिनीलगत कापू नये, कारण तिथून चार फुटतात. मुळाशी धरून खाली झटका देऊन ओरबाडून काढावी आणि जखमेवर बोर्डो पेस्ट लावून माती पुन्हा सारखी करावी.

हे सारे करूनही पुढच्या दोन पावसाळ्यांत झाड पुन्हा कमरेपर्यंत उघडे पडले, तर मात्र जात बदलण्याचा विचार करावा. फिकट गुलाबी 'न्यू डॉन', ज्याला १९३१ मध्ये अमेरिकेतले वनस्पतींचे पहिले पेटंट मिळाले, हा काटक वेल अशा कमानीला साजेसा आहे. जुन्या जागीच लावायचा झाल्यास दीड-दोन फूट खोल माती बदलून घ्यावी. पण ती पुढची गोष्ट; तूर्त गाठीच्या वर की खाली, एवढे पाहून कळवावे.